नाक्सोस बेट कसे पाहावे: पुळणी, डोंगरातली गावे आणि संगमरवराची वाट

एजियन समुद्रातील सिक्लाडीस द्वीपसमूहातली सांतोरिनी आणि मिकोनोस ही दोन नावे सर्वांना ठाऊक असतात. परंतु एकाच बेटावर लांबलचक पुळणी, नांदती गावे आणि अनेक युगांचा इतिहास पाहण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी आधी नाक्सोसचा विचार करावा. सुमारे ४३० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे हे बेट या द्वीपसमूहात सर्वांत मोठे आहे. येथे पर्यटन भरपूर असले तरी बटाट्याची शेते, गुरे, ऑलिव्हची झाडे आणि चीज बनवणारे कारखाने यांवरही बेटाचा संसार चालतो, त्यामुळे पर्यटक नसतानाही गावे ओस पडत नाहीत. बहुतेक प्रवासी पश्चिम किनाऱ्यावर उतरतात, तीन-चार दिवस वाळूवर काढतात आणि पुढच्या जहाजाने निघून जातात. किनारे सुंदर आहेत यात वाद नाही, मात्र या बेटाचा खरा ऐवज डोंगरात आणि शेतांच्या बांधांवर विखुरलेला आहे. म्हणून पुढील सारी आखणी एका साध्या धोरणावर बेतलेली आहे: सकाळ डोंगराला द्यावी आणि दुपारनंतरचा वेळ समुद्राला.

केव्हा जावे आणि किती दिवस ठेवावेत

मे महिन्याचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर हा काळ सर्वांत सोयीचा आहे. मे महिन्यात डोंगर हिरवे असतात, पण पाणी थंड असते. सप्टेंबरमध्ये डोंगर करपलेले असतात, पण उन्हाळाभर तापलेला समुद्र पोहण्यास उत्तम असतो. केवळ पोहण्यासाठी जाणाऱ्याने सप्टेंबर निवडावा, पायवाटा तुडवण्याची आवड असणाऱ्याने मे. जुलै आणि ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा, जोरदार वारा कित्येक दिवस सलग वाहतो. तो उष्मा सुसह्य करतो, पण जहाजांची वेळापत्रके आणि उत्तराभिमुख किनारे दोन्ही बिघडवतो. १५ ऑगस्ट हा मरियमचा सण ग्रीसमध्ये फार मोठा मानला जातो आणि त्या सुमारास खोल्या मिळणे कठीण होते. उलट गर्दी सोसण्याची तयारी असेल, तर त्याच दिवसांत फिलोती गावातील उत्सवात संगीत आणि नृत्य पाहता येते. नोव्हेंबर ते मार्च या काळात किनाऱ्यावरील बहुतांश हॉटेले आणि खाणावळी बंद असतात.

बेटावर किमान पाच रात्री ठेवाव्यात. दोन रात्रींत नाक्सोस ‘उरकणारी’ सहलींची वेळापत्रके सर्रास दिसतात. त्यांत बंदराजवळची प्राचीन मंदिराची संगमरवरी चौकट आणि एक किनारा यांपलीकडे काहीच पदरात पडत नाही.

व्हिसा

ग्रीस शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. १८० दिवसांच्या कोणत्याही कालावधीत जास्तीत जास्त ९० दिवसांचे वास्तव्य त्यावर करता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान पंधरा दिवस आधी दाखल झालेला असावा लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरत असल्यामुळे दोन-तीन महिने हाताशी ठेवणे शहाणपणाचे आहे. प्रवासविम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. एकाच प्रवासात अनेक देश पाहायचे असतील, तर सर्वाधिक दिवस जेथे काढायचे त्या देशाकडे अर्ज करावा.

अथेन्सहून बेटापर्यंत

अथेन्सच्या विमानतळावरून पिरेअस बंदराला जाण्यासाठी मेट्रोची तिसरी मार्गिका वापरावी. ऑक्टोबर २०२२पासून ती थेट बंदरापर्यंत धावते आणि साधारण तासाभरात पोहोचवते. पहाटे किंवा रात्री उतरणाऱ्यांसाठी एक्स-९६ क्रमांकाची बस दिवसरात्र सुरू असते. बंदराचा विस्तार मोठा असून जहाजे वेगवेगळ्या दरवाजांवरून सुटतात, म्हणून तिकिटावरील दरवाजाचा क्रमांक आधीच पाहून ठेवावा आणि किमान पाऊण तास आधी पोहोचावे. विमानतळाला रफिना हे दुसरे बंदर अधिक जवळ आहे. उन्हाळ्यात तेथूनही नाक्सोसला जहाजे सुटतात.

जहाजे दोन प्रकारची असतात. मोठी पारंपरिक जहाजे सव्वापाच तासांच्या आसपास वेळ घेतात. वेगवान बोटी साडेतीन ते चार तासांत पोहोचतात, पण त्यांचे भाडे बरेच जास्त असते आणि वारा वाढला की त्या आधी रद्द होतात. घाई नसेल तर मोठे जहाजच घ्यावे. त्याच्या उघड्या डेकवरून वाटेतली बेटे दिसतात आणि समुद्र खवळला तरी पोटात ढवळण्याचे प्रमाण कमी राहते. चढताना खालच्या वाहनतळावर बेटांच्या नावांच्या पाट्या लावलेल्या फडताळांत सामान ठेवायचे असते. बहुधा आधी पारोस बेट लागते; तेथून जहाज सुटले की जिना उतरून सामानापाशी जाण्याच्या तयारीत राहावे, कारण नाक्सोसच्या धक्क्यावर जहाज मोजकीच मिनिटे थांबते आणि रेंगाळलेल्यांसाठी ते थांबत नाही. विमानाने जायचे असल्यास अथेन्सहून सुमारे चाळीस मिनिटे लागतात, मात्र धावपट्टी आखूड असल्यामुळे विमाने लहान असतात आणि उन्हाळ्यात जागा लवकर संपतात.

मुक्काम आणि फिरण्याची साधने

बेटाचे मुख्य गाव होरा हे मुक्कामासाठी सर्वांत व्यवहार्य ठिकाण आहे. जुन्या वस्तीत राहण्याची हौस असेल तर खोली किती पायऱ्या चढून आहे हे आधी विचारावे, कारण तेथील बोळांत वाहन शिरत नाही आणि चाकांच्या बॅगा दगडी पायऱ्यांवर निरुपयोगी ठरतात. ज्येष्ठ नागरिक किंवा लहान मुले बरोबर असतील तर गावालाच लागून असलेल्या आयिओस योर्गिओस किनाऱ्याजवळ राहावे. तेथून बंदर पायी पंधरा मिनिटांवर आहे आणि समुद्र बराच आतपर्यंत उथळ आहे. आयिआ आना किंवा प्लाका येथे राहिल्यास पहाटेचा किनारा मिळतो, पण संध्याकाळी गावात येण्यासाठी बसवर अवलंबून राहावे लागते. माझा आग्रह असा की पाचपैकी एक रात्र आपीरान्थोससारख्या डोंगरातल्या गावी काढावी, म्हणजे दिवसाच्या सहली परतल्यानंतर ते गाव स्वतःच्या चालीने कसे चालते ते दिसते. हॉटेलात उतरताना प्रत्येक खोलीमागे रोजचा सरकारी कर वेगळा घेतला जातो. हॉटेलच्या दर्जानुसार हंगामात तो २ युरोंपासून १५ युरोंपर्यंत असतो आणि आरक्षणाच्या रकमेत सहसा धरलेला नसतो.

सार्वजनिक बसगाड्या बंदरासमोरून सुटतात. प्लाकाकडे जाणाऱ्या गाड्या हंगामात वारंवार असतात. हाल्की, फिलोती आणि आपीरान्थोसकडे दिवसाला काही मोजक्या, आणि उत्तर टोकाच्या आपोलोनासकडे त्याहूनही कमी. तिकीट चालकाकडे मिळेल असे गृहीत न धरता ते बसस्थानकावरच घेऊन ठेवावे. किनाऱ्यांसाठी बस पुरेशी आहे, डोंगरासाठी मात्र दोन किंवा तीन दिवस मोटार भाड्याने घ्यावी. त्यासाठी मूळ परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना लागतो. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, स्वयंचलित गिअरच्या गाड्या कमी असल्यामुळे त्या आधीच राखून ठेवाव्या लागतात, आणि वळणावर शेळ्यांचा कळप उभा असणे ही नित्याची गोष्ट आहे. चारचाकी मोटारसायकली स्वस्त आणि आकर्षक वाटतात, परंतु घाटातील वळणे, वारा आणि अननुभवी चालक हे मिश्रण धोक्याचे आहे, त्या टाळाव्यात. डोंगरात शिरण्यापूर्वी इंधन होरातच भरून घ्यावे.

पहिला दिवस: होरा

जहाज बंदरात शिरताना जी प्रचंड संगमरवरी चौकट डाव्या हाताला दिसते, ती पोर्तारा होय. इ.स.पू. ५३०च्या सुमारास लिग्दामिस या हुकूमशहाने अपोलोचे भव्य मंदिर बांधावयास घेतले. काही वर्षांतच स्पार्टाने त्याची सत्ता उलथवली आणि काम अर्धवट राहिले. पुढे त्या जागी ख्रिस्ती चर्च झाले, त्यानंतर व्हेनिशियनांनी येथील दगड किल्ल्यासाठी उचलून नेले. द्वारशाखा, उंबरठा आणि माथ्यावरची शिळा मात्र प्रत्येकी वीस टनांच्या आसपास वजनाच्या असल्यामुळे कोणालाही हलवता आल्या नाहीत, आणि केवळ त्या जडपणामुळे हे सहा मीटर उंचीचे दार आज उभे आहे. ग्रीक पुराणकथेत थीसिअस या वीराने अरिआद्नी या राजकन्येला टाकून दिले ते याच बेटावर, आणि येथेच डायोनिसस या देवाने तिचा स्वीकार केला. पोर्ताराला तिकीट नाही आणि वेळेचे बंधनही नाही. सूर्यास्ताला तेथे जत्रा भरते. निवांतपणे पाहायचे असेल तर सकाळी सातच्या आत जावे. दोन्ही बाजूंनी लाटा फुटणाऱ्या अरुंद बांधावरून चालत जावे लागते, म्हणून जोराचा वारा असताना चप्पल नव्हे, बूट घालावेत.

गावाच्या माथ्यावरील कास्त्रो हा किल्ला समजून घ्यायचा तर १२०४ साली जावे लागते. त्या वर्षी चौथ्या धर्मयुद्धातील फौजांनी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) लुटले आणि बायझंटाईन साम्राज्याचे लचके वाटून घेतले. त्या धुमश्चक्रीत मार्को सानुदो या व्हेनिशियन सरदाराने १२०७ साली नाक्सोस जिंकून आपली सरदारशाही स्थापन केली, जी ऑटोमन तुर्कांनी १५६६ साली संपवीपर्यंत तीनशेहून अधिक वर्षे टिकली. कास्त्रोच्या आत कॅथलिक राज्यकर्ते आणि खाली बुर्गोस भागात ऑर्थोडॉक्स ग्रीक रयत, ही विभागणी आजही चढणीच्या बोळांतून जाणवते. उत्तरेच्या मुख्य दरवाजाच्या उजव्या खांबावर एक खाच कोरलेली आहे. कापड मोजण्यासाठी व्हेनिशियन गजाचे ते माप होते. दारांवरील दगडी कुलचिन्हे पाहत फिरण्यास एक तास पुरतो आणि उन्हात ते बोळ सावलीचे असतात, त्यामुळे दुपारची वेळ येथे घालवणे सोयीचे पडते.

किल्ल्यातील पुरातत्त्व संग्रहालय हे इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातील सिक्लाडिक संगमरवरी मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. हात पोटावर घडी घातलेल्या, चेहऱ्यावर केवळ नाक दाखवलेल्या या मूर्ती आधुनिक शिल्पकारांना मोहवत आल्या आहेत. ते खुले आहे की दुरुस्तीसाठी बंद आहे याची चौकशी मात्र आधी करावी. खाली ऑर्थोडॉक्स कॅथीड्रलसमोरच्या चौकाच्या पोटात एक भूमिगत दालन आहे, जेथे मायसीनी, म्हणजे ग्रीसमधील कांस्ययुगीन, काळातील वस्तीचे अवशेष जागच्या जागी जतन केले आहेत. पायाखालच्या चौकाला एवढी खोली आहे याची कल्पना वर कॉफी पिणाऱ्या फार थोड्यांना असते.

दुसरा आणि तिसरा दिवस: संगमरवराची वाट

नाक्सोसच्या प्राचीन वैभवाचे कारण एकच, येथला भरड दाण्याचा पांढरा संगमरवर. इ.स.पू. सातव्या आणि सहाव्या शतकांत येथील कारागिरांनी ग्रीक शिल्पकलेला मोठ्या आकाराच्या दगडी मूर्ती घडवायला शिकवले, असे म्हटले तरी चालेल. डेलोस बेटावरील सिंहांची रांग आणि डेल्फी येथे उंच स्तंभावर बसवलेला स्फिंक्स ही नाक्सोसवासीयांचीच दाने होती. हा दगड कोठून निघाला, तो कसा घडला आणि शेवटी कोठे उभा राहिला, या क्रमाने पाहिल्यास बेटाचा इतिहास आपोआप उलगडतो.

सुरुवात मेलानेस खोऱ्यातील फ्लेरिओ येथून करावी, जे होरापासून मोटारीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. येथे एका बागेतल्या झाडांच्या सावलीत इ.स.पू. सहाव्या शतकातला एक तरुण दगडात उताणा पडलेला आहे. साडेपाच मीटरांहून लांब असा हा कुरोस, म्हणजे उभ्या नग्न युवकाची मूर्ती, घडवत असतानाच किंवा खाली आणताना त्याचा पाय मोडला आणि कारागिरांनी त्याला जागेवरच सोडून दिले. दहा-पंधरा मिनिटांची चढण चढल्यावर असाच दुसरा अपूर्ण पुतळा दिसतो. बहुतेक लोक पहिल्यावर समाधान मानून परततात, पण दुसऱ्यापर्यंत जाणारी पायवाट जुन्या दगडखाणीतूनच जाते आणि छिन्नीच्या खुणा तेथे अधिक स्पष्ट आहेत. मूर्ती खाणीतच ढोबळ घडवून मग हलवत असत, कारण त्यामुळे वजन कमी होई. ही पद्धत पुस्तकात वाचण्यापेक्षा येथे उभे राहून चटकन कळते.

तेथून दक्षिणेकडे सांग्री गावाजवळ डिमीटर देवीचे मंदिर आहे. धान्याच्या देवीचे हे मंदिर डोंगरमाथ्यावर किंवा बंदरावर नसून सुपीक शेतांच्या मधोमध बांधलेले आहे, आणि त्याची जागा पाहिल्याबरोबर ती पटते. इ.स.पू. ५३०च्या सुमाराची ही वास्तू जवळजवळ चौरस असून तिचे छप्परदेखील संगमरवरी होते; पातळ कौलांतून आत मंद प्रकाश झिरपत असे. आतल्या पाच स्तंभांची उंची मुद्दाम असमान ठेवली आहे, कारण उतरत्या छपराचा भार ते थेट पेलत होते. सहाव्या शतकात मंदिराचे चर्च झाले, पुढे तेही पडले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रीक व जर्मन संशोधकांनी सापडलेले तुकडे जुळवून त्याचा काही भाग पुन्हा उभा केला. शेजारचे लहान संग्रहालय आधी पाहावे आणि मंदिर नंतर. ही जुळणी कशी केली ते समजले की प्रत्येक जोड दिसू लागतो. अशी सरकारी स्थळे दुपारी साधारण साडेतीनला बंद होतात आणि आठवड्यातून एक दिवस सुटी असते, म्हणून आदल्या दिवशी वेळा तपासून सकाळीच जावे.

तिसऱ्या दिवशी उत्तर टोकाच्या आपोलोनासला जावे. कोळ्यांच्या या लहान वस्तीच्या वर, रस्त्यालगतच्या प्राचीन खाणीत सुमारे १०.७ मीटर लांबीचा आणि अंदाजे ८० टन वजनाचा पुतळा पडून आहे. त्याला दाढी असल्यामुळे तो डायोनिससचा असावा असे मानतात. खडकाला असलेल्या भेगांमुळे तो सोडून दिला असावा. त्याच्या पायांपासून डोक्यापर्यंत चालत जाण्यासाठी पायऱ्या केलेल्या आहेत; पुतळ्यावर मात्र चढू नये, कितीही जण चढताना दिसले तरी. जाताना डोंगरातील रस्ता आणि परतताना पश्चिम किनाऱ्याचा रस्ता घ्यावा, म्हणजे पूर्ण फेरी होते आणि उतरते ऊन समुद्रावर मिळते. या फेरीला सबंध दिवस लागतो.

इतिहासाची आवड असणाऱ्यांनी आणखी एक दुवा लक्षात ठेवावा. इ.स.पू. ४९९ मध्ये पर्शियन आरमाराने नाक्सोसला चार महिने वेढा घातला, तो फसला, आणि त्या अपयशातून आयोनियातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील, ग्रीक शहरांचे बंड पेटले, ज्याचे पर्यवसान पुढे मॅरेथॉनच्या लढाईत झाले. इ.स.पू. ४९०मध्ये पर्शियनांनी परत येऊन शहर आणि मंदिरे जाळली. त्यानंतर अथेन्सच्या नेतृत्वाखालील संघातून बाहेर पडू पाहणारे पहिले राज्यही नाक्सोसच होते, आणि त्याबद्दल अथेन्सने त्याला बळाने नमवले.

डोंगरातली गावे

गावे पाहण्याचा एकच नियम आहे: मोटार वेशीवर लावावी आणि आत पायी शिरावे. हाल्की हे एके काळचे बेटाचे मुख्य गाव त्राया नावाच्या ऑलिव्हच्या विस्तीर्ण पठारात वसले आहे. येथे १८९६पासून महाळुंगाच्या पानांपासून कित्रो नावाचे मद्य गाळले जाते. हिरवे गोड आणि सौम्य, पिवळे कमी गोड आणि सर्वांत कडक, तर पांढरे या दोहोंच्या मधले. भट्टी पाहता येते आणि चवीपुरते मद्यही देतात, मात्र गाडी चालवणाऱ्याने हा मोह आवरावा. आजूबाजूच्या पायवाटांवर ऑलिव्हच्या झाडांत बायझंटाईन चर्च आणि व्हेनिशियन सरदारांच्या गढ्या दडलेल्या आहेत. जवळच मोनी गावाच्या वाटेवर पानायिया द्रोसियानी हे बुटके, ओबडधोबड दगडी चर्च आहे. त्यातील भित्तिचित्रांचे सर्वांत जुने थर सातव्या शतकातले असून बाल्कन प्रदेशातील अतिप्राचीन चित्रांत त्यांची गणना होते. ते बहुधा सकाळीच उघडे असते. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

फिलोती हे झास पर्वताच्या उतारावरचे मोठे गाव आहे. १,००० मीटरांहून किंचित उंच असलेला झास हा सिक्लाडीसमधील सर्वोच्च डोंगर असून बालपणी झ्यूसचे संगोपन येथे झाले अशी कथा आहे. आयिआ मारिना या लहान चर्चपासून निघणारी वाट सोपी आहे आणि दीड-पावणेदोन तासांत माथ्यावर नेते. आरिआ झऱ्यापासून गुहेवरून चढणारी वाट अधिक उभी आणि घसरडी आहे. गुहेत शिरायचे तर विजेरी लागते. नवाश्मयुगापासून माणसाचा वावर असलेल्या या गुहेत उत्खनन झाले आहे. सकाळी आठच्या आत चढू लागावे आणि माणशी दोन लिटर पाणी बरोबर घ्यावे, कारण वर सावलीचे झाड नाही.

आपीरान्थोस मात्र वेगळे आहे. येथील गल्ल्यांना संगमरवराची फरसबंदी आहे आणि घरे पांढऱ्या चुन्याची नसून दगडाची आहेत, त्यामुळे पोस्टकार्डावरच्या सिक्लाडिक गावाशी त्याचे काहीच जुळत नाही. लोकांच्या बोलीचे आणि चालीरीतींचे क्रीट बेटाशी नाते सांगितले जाते, आणि चटकन दोन ओळी जुळवून म्हणण्याची परंपरा येथे टिकून आहे. ३० मे १९४१ रोजी अपोस्तोलोस सांतास याच्यासह अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवरून नाझी झेंडा उतरवणारा मानोलिस ग्लेझोस याच गावचा. गावातली छोटी संग्रहालये अर्ध्या तासात पाहून होतात. त्यापेक्षा चौकातल्या झाडाखाली बसण्यात वेळ अधिक चांगला जातो. ज्यांना चालण्याची हौस आहे त्यांनी जवळच्या आयिआ किरिआकी चर्चपर्यंत जावे. चित्रांत संतांचे चेहरे काढण्यास बंदी होती त्या काळातली, गळ्यात फिती बांधलेल्या पक्ष्यांची भित्तिचित्रे तेथे आहेत. ते बरेचदा कुलूपबंद असते, म्हणून निघण्यापूर्वी गावात चौकशी करावी.

आपीरान्थोस आणि कोरोनोस यांच्या परिसरात कुरुंदाच्या खाणी आहेत. धार लावण्यासाठी आणि घासकामासाठी वापरला जाणारा हा अतिकठीण दगड येथून जगभर जात असे आणि तो काढण्याचा हक्क परिसरातल्या ठराविक गावांनाच होता. १९२०च्या दशकात डोंगरातून मुत्सुना बंदरापर्यंत हवाई रज्जुमार्ग उभारला गेला. त्याचे गंजलेले मनोरे आणि तारांवर अजून लोंबकळणाऱ्या बादल्या मुत्सुनाला उतरताना दिसतात. कोरोनोसहून खाणींच्या तोंडावरून लिओनासच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरणारा रस्ता हा माझ्या मते बेटावरील सर्वांत देखणा रस्ता आहे. खाणींच्या आत मात्र शिरू नये.

पुळणी

चांगल्या पुळणी होराच्या दक्षिणेला पश्चिम किनाऱ्यावर ओळीने आहेत. आयिओस प्रोकोपिओसची वाळू भरड असल्यामुळे अंगाला चिकटत नाही आणि पाणी लवकर खोल होते. पोहता येणाऱ्यांना ती आवडते, लहान मुलांकडे मात्र तेथे लक्ष ठेवावे लागते. आयिआ आनानंतर प्लाका लागते, जी सुमारे चार किलोमीटर लांब आहे. जसजसे दक्षिणेला जावे तसतशी छत्र्यांची गर्दी विरळ होते. प्लाकाच्या मोकळ्या भागात विवस्त्र स्नानाची रीत पूर्वीपासून आहे, हे कुटुंबासह जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मिक्री विग्लाच्या भूशिराने किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत: उत्तरेकडे वारा थेट आदळतो, तेथे पतंगाच्या आणि शिडाच्या फळ्यांवरचे खेळाडू असतात, दक्षिणेकडे पाणी त्या मानाने शांत असते. त्याही पुढे आलिको येथे वाळूच्या टेकड्यांवर जुनिपरचे संरक्षित वन आहे आणि त्याच्या कडेने लहान-लहान खाड्या आहेत. सोयी नाहीत, म्हणून पाणी व खाणे बरोबर न्यावे आणि कचरा परत आणावा. मेल्तेमी वाहत असताना रोज सकाळी वाऱ्याची दिशा आणि वेग पाहूनच किनारा निवडावा. नकाशावर जवळ दिसणारा किनारा त्या दिवशी वाळूचे फटकारे देणारा ठरू शकतो. पूर्वेकडचे प्सिली आमोस आणि पानोर्मोस हे किनारे जवळजवळ निर्मनुष्य असतात, पण वळणावळणाच्या रस्त्याने तेथे पोहोचण्यास दीड तास धरावा लागतो.

खुर्च्या आणि छत्र्या भाड्याच्या असतात आणि पहिल्या रांगेचे दर डोळे विस्फारणारे असू शकतात. बसण्यापूर्वी दर विचारावा. ग्रीसमधले किनारे सार्वजनिक आहेत. २०२३ साली शेजारच्या पारोस बेटावरील रहिवाशांनी टॉवेल घेऊन निदर्शने केली, ती नाक्सोसलाही पसरली, आणि २०२४च्या नियमांनुसार किनाऱ्याचा निम्मा भाग मोकळा ठेवणे व खुर्च्या पाण्यापासून किमान चार मीटर दूर ठेवणे बंधनकारक झाले. आपला पंचा पसरून विनामूल्य बसण्यास कोणी मज्जाव करू शकत नाही.

जेवणखाण आणि काही रीतीभाती

शाकाहारी मंडळींना नाक्सोस जड जात नाही. येथले बटाटे ग्रीसभर नावाजलेले आहेत आणि ताजे तळून देतात. मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे यिगांदेस, भात भरलेले टोमॅटो व ढोबळी मिरची म्हणजे येमिस्ता, मिश्र भाज्यांचे ब्रिआम, वाफवलेल्या रानभाज्यांचे होर्ता आणि पिवळ्या डाळीचे घोटलेले फावा हे पदार्थ बहुतेक खाणावळींत मिळतात. येमिस्तात खिमा नाही ना, एवढे विचारावे. उपवासाचे म्हणून सांगितलेल्या पदार्थांत मांस, दूध आणि अंडी नसतात, पण माकुळ आणि शिंपल्या चालतात, म्हणून केवळ तेवढ्या शब्दावर विसंबू नये. ग्राविएरा हे गाईच्या दुधाचे चीज आणि त्याहून उग्र आर्सेनिको हे दोन्ही चाखण्यासारखे आहेत. जनावरांच्या जठरातील विरजण न चालणाऱ्यांनी ती टाळावीत. रात्रीचे जेवण नऊच्या पुढेच रंगते.

दुपारी तीन ते साडेपाच ही गावांची विश्रांतीची वेळ असते. त्या वेळी बोळांत मोठ्याने बोलणे असभ्य मानतात. शौचालयात कागद भांड्यात न टाकता शेजारच्या टोपलीत टाकायचा असतो, कारण जुन्या नळ्या अरुंद आहेत. पाणी जपून वापरावे. २०२४च्या उन्हाळ्यात बेटावरील जलाशय जवळजवळ आटले होते. आपत्तीत ११२ हा क्रमांक फिरवावा. कार्ड सर्वत्र चालते, तरी डोंगरातील गावांसाठी थोडी रोख जवळ असू द्यावी.

परतीचा दिवस आखताना वाऱ्याला विसरू नये. वाऱ्याचा जोर आठ बोफोर्टच्या वर गेला की बंदर अधिकारी जहाजे रोखून धरतात, आणि हे ऐन उन्हाळ्यातही घडते. प्रवास रद्द झाल्यास जहाज कंपनी तिकीट बदलून देते किंवा पैसे परत करते, परंतु हुकलेल्या विमानाची जबाबदारी ती घेत नाही. म्हणून बेटावरची शेवटची रात्र आणि मायदेशी जाणारे विमान यांच्यामध्ये अथेन्समध्ये किमान एक रात्र ठेवावी, आणि वारा वाढण्याचा अंदाज असेल तर वेगवान बोटीचे तिकीट आदल्या दिवशीच मोठ्या जहाजावर बदलून घ्यावे.